गळ, मुलं आणि भरतीची वेळ

कुमारवयातल्या मुलांना खाडीकाठी मुक्कामाला न्यावं, तंबू ठोकावेत आणि गळानं मासे धरायला शिकवावं, असं म्हटलं की ऐकणाऱ्यांचे लगेच दोन तट पडतात. एकाला त्यात मुलांचं भलं दिसतं. दुसऱ्याला पाण्याचं भय दिसतं आणि कारण नसताना जीव घेण्याची सवय दिसते. मला दोन्ही बाजू खऱ्या वाटतात, आणि दोन्ही पुरत्या ऐकून घेतल्याशिवाय असं शिबिर कुणी काढू नये असंही वाटतं. म्हणून हा संवाद रचला आहे. यातले काका दाभोळ खाडीच्या काठचे, हायस्कुलात शिकवून निवृत्त झालेले. ताई पुण्याची, गिर्यारोहणाचं रीतसर शिक्षण घेतलेली, मुलांना सह्याद्रीत फिरवणारी. तिच्या घरात वारकऱ्यांची माळ आहे. प्रश्न दोनच आहेत. तेरा ते सोळा वयाच्या वीस मुलामुलींना दोन रात्री खाडीवर न्यायचं का? आणि नेलं, तर त्यांच्या हातात गळ द्यायचा का?

ताई: काका, मुक्कामाला माझी ना नाही. मुलांनी जमिनीवर झोपावं, चूल पेटवावी, आपली भांडी आपण घासावीत, हे सगळं मला हवंच आहे. मी अडते ती गळाशी. खाडीवर बघण्यासारखं काय कमी आहे? कांदळवन आहे, चिखलात उड्या मारणारे निवटे आहेत, हिवाळ्यात येणारे पक्षी आहेत. एवढं असताना मासा मारायचाच कशाला?

काका: बघा म्हटलं की मुलं बघतात गं, पण किती वेळ? गळ टाकून बसलेलं पोर तासभर पाण्यावरची नजर काढत नाही. आणि गळाला काही लागावं असं वाटत असेल, तर पाण्याची माहिती करून घ्यावीच लागते. काळुंद्र धक्क्याच्या खांबांशी, दगडांच्या कपारीत असतं. शेंगटी तळाच्या चिखलात फिरते. बोय थव्यानं वरच्या पाण्यात येते, पण सहसा गळाला लागत नाही. तांबोसा भरतीबरोबर आत शिरतो. हे मी वर्गात फळ्यावरही शिकवलंय आणि धक्क्यावर बसूनही शिकवलंय. धक्क्यावर शिकलेलं पोरं विसरत नाहीत.

ताई: नसतील विसरत. पण धक्क्यावर बसवायचं म्हणजे पाण्याच्या तोंडाशी बसवायचं. १ फेब्रुवारी २०१६ ला मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला गेलेले १४ विद्यार्थी बुडाले. आजही पालकांच्या बैठकीत समुद्राचं नाव काढलं की सगळ्यांच्या मनात तेच येतं. डोंगरावर मी मुलाला दोरानं बांधून ठेवू शकते. पाण्यात गेलेलं मूल दिसेनासं व्हायला मिनिटसुद्धा लागत नाही. आणि बुडणारं मूल ओरडतही नाही. तोंड पाण्याच्या पातळीला येतं, सगळी ताकद श्वास घेण्यात जाते, हाक मारायला दमच उरत नाही. शेजारी उभ्या असलेल्याला ते खेळतंय असं वाटतं.

काका: तू म्हणतेस त्यातला शब्दन् शब्द खरा आहे. पण मुरूडनंतर आपण केलं काय? पुष्कळांनी मुलांना किनाऱ्यावर न्यायचंच सोडलं. ती मुलं अठरा-वीस वर्षांची झाली की मित्रांबरोबर गाडी काढून इकडे येणारच. तेव्हा त्यांच्यासोबत तू नसशील, मी नसेन, आणि पाणी कधी भरतं, कधी ओढून नेतं हे त्यांना कुणी सांगितलेलंही नसेल. 'श्यामची आई' आठव. श्याम पोहायला जायला घाबरून लपून बसला, तर आईनं त्याला शोधून, मारत विहिरीवर धाडला. मुलावर हात आज कुणी उगारू नये. पण पाण्याची भीती मनात घेऊन मुलानं मोठं होऊ नये, हा तिचा आग्रह बरोबर होता.

ताई: त्या विहिरीत पोहणारी माणसं हजर होती, हे विसरू नका. आईनं त्याला एकट्याला नाही ढकललं. माझा मुद्दा तोच आहे. शिबिरात वीस मुलांमागे मोठी माणसं किती? त्यांतल्या किती जणांना पोहता येतं? आणि पोहता येणारे सगळे स्वतःच गळ घेऊन बसले, तर मुलांकडे बघणार कोण?

काका: हा नियम आधी लिहून घे. नजर ठेवणारा माणूस गळाला हात लावणार नाही, मोबाइलला तर नाहीच. असे दोघं हवेत, धक्क्याच्या दोन टोकांना. एक जण गावातला, खाडीत पोहलेला.

ताई: पुढचं मी सांगते. मुलांच्या जोड्या करायच्या. दर दहा मिनिटांनी शिट्टी वाजली की जोडीनं एकमेकांचा हात धरून वर करायचा. ज्याचा जोडीदार हाताशी नाही त्यानं ओरडायचं. स्काउटांमध्ये पाण्याजवळ ही पद्धत आहे, आणि ती मुलांना खेळासारखी आवडते. धक्क्याच्या कडेपासून दोन हातांच्या आत जाणाऱ्या प्रत्येकाच्या अंगात लाइफ जॅकेट, पट्टे बांधलेलं. नुसतं खांद्यावर टाकलेलं चालणार नाही. फेकायला दोर आणि रिकामा मोठा कॅन तयार ठेवायचा. पाण्यात कुणीही उतरणार नाही. पडलेल्याला वाचवायला मुलानं उडी मारायची नाही, दोर फेकायचा आणि हाक मारायची. हे पहिल्या संध्याकाळी कोरड्या जमिनीवर करून घ्यायचं, आणि ज्याला नीट जमेल त्यालाच दुसऱ्या दिवशी गळ.

काका: मान्य. आता माझं ऐक. तू दोर आणि जॅकेट आणशील, पण वेळ चुकली तर दोन्ही तोकडी पडतील. आमच्याकडे जुनी माणसं भरतीची वेळ पाऊणकीच्या पाढ्यानं काढायची. तिथीला पाऊणनं गुणायचं. चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला पूर्ण भरती, दुपारी आणि पहाटेही. अष्टमीला आठ पाऊण सहा. हिशेब ढोबळ आहे, जागेप्रमाणे थोडा पुढेमागे होतो. त्यानंतर सहा तासांनी ओहोटी पुरी होते. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण, तेव्हा पाणी खूप चढतं, खूप उतरतं आणि खाडीच्या तोंडाशी ओढ जोरदार असते. अष्टमीच्या सुमाराला भांग, तेव्हा पाणी बेताचं हलतं.

ताई: मी छापील तक्ताही आणेन.

काका: आण ना. पाढा आणि तक्ता दोन्ही ताडून बघू दे मुलांना. गळाला बसण्याआधी प्रत्येकानं आज पूर्ण भरती किती वाजता आणि पाणी आता चढतंय की उतरतंय, हे सांगायचं. धक्क्याच्या पायऱ्यांवर खडूनं खूण करायची, अर्ध्या तासानं किती पायऱ्या बुडाल्या ते मोजायचं. पाणी चढतंय हे पुस्तकात वाचणं वेगळं आणि मघाशी जिथे चप्पल ठेवली होती ती पायरी दिसत नाही, हे बघणं वेगळं. गळाचा खरा धडा मला तो वाटतो. पोराला मासा हवा असतो, आणि त्यासाठी त्याला पाण्याच्या वेळेनं चालावं लागतं. त्याच्या घाईला तिथे कुणी विचारत नाही. शाळेत, घरात, मोबाइलवर सगळं त्याच्या बोटाच्या इशाऱ्यावर चालतं. खाडी चालत नाही.

ताई: जागेचं काय? या खाडीत उतरणाऱ्या वाशिष्ठी नदीत मगरी आहेत, चिपळूणला पुरात त्या रस्त्यावर आलेल्या लोकांनी पाहिल्यात. माझा तंबू नदीकाठच्या चिखलावर लागणार नाही.

काका: लागूही नये. वरच्या अंगाला, मालदोलीच्या बाजूला लोक होडीत बसून मगरी बघायला जातात. तिथे मुलांना पाण्याकाठी बसवायचंच नाही. आपण खाली, खाडीच्या मुखाकडे राहू, दाभोळ-धोपावे फेरीबोट चालते त्या भागात. गावचा जुना, कठड्याचा धक्का बघून ठेवू. तरीही पहिला प्रश्न गावातल्या होडीवाल्याला: इथे कधी मगर दिसली का? तो हो म्हणाला तर दुसरी जागा. आणि तंबू धक्क्यावर नाहीच, वर शाळेच्या पटांगणात. रात्री पाण्याकडे कुणी जाणार नाही, लघवीलासुद्धा नाही. ग्रामपंचायतीची परवानगी, पोलीस पाटलाला कल्पना, जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आधी जाऊन भेट.

ताई: तिथे मी स्वतः जाईन. कोकणात फुरसं आहे, लाल विंचू आहे. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावर प्राझोसिनचा उपयोग दाखवून दिला, तेव्हापासून कितीतरी जीव वाचले. पण औषध वेळेवर मिळालं तर. म्हणून केंद्रात औषध आहे का, सर्पदंशाची लस आहे का, रात्री डॉक्टर कुठे असतात, १०८ची गाडी यायला किती वेळ लागतो, हे निघण्याआधी माहीत हवं. सकाळी बूट झटकल्याशिवाय पाय घालायचा नाही, सरपणाला हात घालण्याआधी काठीनं हलवायचं. आणि सरपण कांदळवनातून तोडायचं नाही.

काका: तोडणं गुन्हाच आहे. शिवाय माशांची पिल्लं त्याच मुळ्यांत वाढतात. झाड तोडायचं आणि तिथेच गळ टाकायचा, हे चालणार नाही. चुलीला नारळाची चोडं आणि झावळ्या गावात मिळतात, विकत घेऊ.

ताई: आता गळाच्या धोक्याचं. तुमच्या हाताला सवय आहे. पहिल्यांदा गरी धरणाऱ्या मुलाचं काय?

काका: काठ्या नकोतच. हातातली दोरी, तंगूस, टोकाला गरी, वर शिशाचं वजन. शिसं दातांनी दाबायचं नाही, त्याला पक्कड. गरीचा उलटा काटा आधीच पक्कडीनं चेपून टाकायचा. मासा सुटण्याची शक्यता वाढते, वाढू दे. माशाच्या तोंडातून आणि पोराच्या बोटातून गरी सहज निघते. टाकताना दोरी डोक्यावरून फिरवायची नाही, खालून सोडायची. दोन मुलांत चार हातांचं अंतर. गरी रुतलीच, तर ओढायची नाही, दोरी कापायची आणि आरोग्य केंद्र. धनुर्वाताचं इंजेक्शन विसरायचं नाही. डोळ्याजवळ रुतली तर तिला कुणी बोटही लावायचं नाही.

ताई: आणि मासाच चावला-टोचला तर?

काका: शेंगटी. तिच्या पाठीवर एक आणि दोन्ही बाजूंना एकेक असा काटा असतो, दातेरी आणि विषारी. पोरांना वाटतं मिशा टोचतात. मिशा काही करत नाहीत. गळाला शेंगटी आली की मुलानं दोरी जमिनीवर टेकवून मोठ्या माणसाला हाक मारायची. टोचलंच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवायचा, ठणका उतरतो. म्हणून चुलीवर पाण्याचं पातेलं कायम. मग डॉक्टर.

ताई: एवढी तयारी केल्यावर पाण्याचं भय मी बाजूला ठेवते. पण माझा पहिला प्रश्न तसाच आहे. २००३ मध्ये लिन स्नेडन या संशोधिकेनं ट्राउट माशांच्या ओठांत मधमाशीचं विष आणि ॲसिड टोचून पाहिलं. त्या माशांनी टाकीच्या तळच्या बारीक खडीवर ओठ घासले, बराच वेळ खाणं टाकलं. माशाला आपल्यासारखं दुःख होतं का, यावर शास्त्रज्ञ अजून वाद घालतात. पण त्याला काहीच होत नाही, असं आता छातीठोक म्हणता येत नाही. मग गंमत म्हणून गरी त्याच्या ओठात घालायचा अधिकार मुलांना कुणी दिला?

काका: गंमत म्हणून कुणालाच नाही. त्यात मी तुझ्या बाजूला आहे. मासा वर काढायचा, त्याच्याबरोबर फोटो काढायचा आणि सोडून द्यायचा, हे मला आवडत नाही. पुष्कळ लोक त्याला दया म्हणतात.

ताई: मला वाटलं, तुम्ही तोच तोडगा सुचवाल. जर्मनीत योग्य कारणाशिवाय प्राण्याला यातना देणं कायद्यानं गुन्हा आहे, म्हणून सोडून देण्यासाठीच मासा धरणं तिथे अडचणीत येतं. बहुतेक राज्यांत गळ टाकणाऱ्याला आधी परीक्षा द्यावी लागते. म्हणजे मासा खाणारा समाजसुद्धा हे बारकाईनं बघतो.

काका: अमेरिकेत स्काउटांना मासेमारीचा बिल्ला मिळवायचा तर, नियम आणि पाणी अनुकूल असेल तिथे, धरलेला मासा साफ करून शिजवावा लागतो. ते मला पटतं. धरला तर खायचा. खायचा नसेल तर धरायचा नाही. लहान निघाला किंवा पोटात गाभोळी दिसली, तरच ओल्या हातांनी धरून लगेच सोडायचा. कोरड्या हातानं अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि सोडलेला मासाही जगत नाही. ठेवायचा मासा तडफडत ठेवायचा नाही. डोळ्यांच्या जरा मागे डोक्यावर दांडक्याचा एक घट्ट फटका, लगेच.

ताई: आणि तो फटका चौदा वर्षांच्या मुलानं मारायचा?

काका: पहिला मी मारेन. ज्याला बघायचं नाही त्यानं पाठ फिरवावी. ज्याला पुढचा मारायचा आहे त्यानं विचारून मारावा. पण हे मुलांच्या नजरेआड करायचं नाही. यातली निम्मी मुलं हॉटेलात बसून सुरमई खातात. त्या ताटापाठीमागे कुणीतरी मारलेला जीव आहे, हे त्यांनी एकदा डोळ्यांनी बघावं. बघून एखाद्यानं मासे सोडले, तर मला आनंदच आहे. बघून जो खाईल तो निदान पानात अर्धवट टाकणार नाही.

ताई: हे मी कबूल करते, मांसाहार आंधळेपणानं होऊ नये. पण त्यासाठी वीस मासे मरायला नकोत. एक मरताना वीस जणांनी पाहिला तरी पुरे.

काका: जोडीला एक. दहा जोड्या, फार तर दहा मासे. वितीपेक्षा लहान ठेवायचा नाही. एक मिळाला की ती जोडी गळ गुंडाळणार आणि पाण्याची खूण मोजायला बसणार. आणखी एक, आणखी एक, हे नाही.

ताई: आणि माळकरी घरातलं मूल? गटात दोघं तरी आहेत. गळ घेणार नाही म्हटलं की बाकीचे त्याला भित्रा म्हणतील.

काका: म्हणून पहिल्या संध्याकाळी आपण सगळ्यांना सांगायचं की गळ ऐच्छिक आहे आणि नकार द्यायला कारण सांगावं लागत नाही. भरतीची वेळ काढणं, शिट्टी, दोर ही कामं गळाइतकीच महत्त्वाची. ज्याच्या हातात शिट्टी आहे त्यानं थांबा म्हटलं की मी, म्हातारा माणूस, माझा गळसुद्धा वर काढणार. मग त्याला कोण भित्रा म्हणेल? चुली दोन. आधी वरण-भात, भाजी शिजेल आणि ती भांडी वेगळी राहतील. माशाचं कालवण दुसऱ्या चुलीवर, कोकम आणि तिरफळ घालून. बसायचं मात्र एकाच पंगतीला.

ताई: आणखी एक. गळ म्हटला की मुलगे पुढे सरसावतात आणि मुली चुलीशी जातात. ते मला चालणार नाही.

काका: खाडीवरच्या बायकांनी तुला हसून विचारलं असतं, कुणाचं काम म्हणतेस? ओहोटीला खडकावरची कालवं फोडणं, चिखलातून मुळे, म्हणजे शिंपले, काढणं, हे काम इथे बायकांच्या हातचं. दुसऱ्या दिवशी ओहोटीला दोघीतिघींना बोलावू आणि मुलगे-मुली सगळ्यांना त्यांच्या हाताखाली देऊ. कालवाच्या कडेनं पाय कापतो म्हणून सगळ्यांच्या पायात बूट. त्या बायकांच्या वेळेचा मोबदला आधी ठरवून द्यायचा. मुलांना शिकवणं ही त्यांची मजुरी बुडवून केलेली मदत समजायची नाही.

ताई: इथेच माझी सगळ्यात मोठी शंका आहे, काका. ही खाडी शहरातल्या मुलांच्या सुट्टीसाठी नाही. भोई, खारवी, दालदी यांच्या कितीतरी घरांची चूल या पाण्यावर पेटते. लोटे-परशुरामच्या कारखान्यांच्या सांडपाण्यावरून हे लोक वर्षानुवर्षं भांडत आले आहेत, मेलेले मासे हातात घेऊन मोर्चे निघाले आहेत. ज्यांचा मासा आधीच आटत चाललाय त्यांच्या पाण्यात आपण हौसेनं गळ टाकायचा?

काका: तू दुखऱ्या जागी बोट ठेवलंस. दहा काळुंद्रांनी खाडी आटत नाही, हे खरं. पण नुसतं तेवढं म्हणून सुटता येत नाही. म्हणून गावच्या मच्छीमारांना आधी विचारायचं. ते नको म्हणाले तर गळ नाही. कुठे बसायचं ते त्यांनी सांगायचं, त्यांचं जाळं लागलेल्या जागी आपण जायचं नाही. रात्री त्यांच्यातल्या एकानं मुलांशी बोलावं, मासा कुठे गेला, पाणी कधी बदललं. पाण्याला वास किंवा रंग असला, वर मेलेला मासा तरंगताना दिसला, तर त्या दिवशी कुणी मासा धरायचा नाही, खायचा नाही. मुलांना त्याचं कारणही सांगायचं. हातात गळ असलेल्या पोराला मेलेल्या माशाचा अर्थ जितका कळतो, तितका पर्यावरणाच्या तासाला कळत नाही.

ताई: हे मला पटलं. गळाच्या बाजूनं तुम्ही आत्तापर्यंत जे जे सांगितलंत, त्यातलं हे सगळ्यात वजनदार आहे.

काका: मासा आटतोय म्हणूनच मी पावसाळ्यात मुलांना आणू देत नाही. जूनच्या पहिल्या पावसाला ओढ्यांतून मासे वर चढतात, लोक चढणीचे मासे म्हणून पाट्या भरतात, पोरांना ते बघायचं असतं. पण ते अंडी घालायला निघालेले असतात. समुद्रातही १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. सरकारनं २०२३ मध्ये पापलेटला राज्यमासा केलं, कारण त्याची पिल्लंच पकडली जाऊ लागली होती. मोठ्यांना जे पाळायला जड जातं, ते मुलांना आधीच शिकवलेलं बरं.

ताई: आणि निघताना धक्का झाडून निघायचं. तंगूसाचा तुकडासुद्धा मागे राहता कामा नये. ती दोरी कुजत नाही, बगळ्यांच्या पायांत अडकते. प्रत्येक जोडीनं आपली दोरी मोजून परत करायची.

काका: जेवढे वाव दिले तेवढे वाव परत. बरं, आता तारीख. नाताळच्या सुट्टीत अष्टमी-नवमी बघ. सुट्टीत जमत नसेल तर त्या सुमाराचा शनिवार-रविवार.

ताई: भांगाची तिथी? पण पाणी जोरात चालतं तेव्हा मासा जास्त लागतो, असं तुम्हीच मागे म्हणाला होतात.

काका: लागतो. उधाणाला बसलो तर दहाच्या दहा जोड्यांना मिळेल. भांगाला कदाचित चार जोड्यांना मिळेल, कदाचित कुणालाच नाही. पण बाराच्या सुमाराला पाणी चढायला लागेल, सहाला पूर्ण भरेल. तीन ते साडेपाच बसू, चढत्या पाण्यावर, उजेडात. ओहोटी लागायच्या आत धक्का रिकामा. मासा नाही मिळाला तर वरण-भात आहेच.

ताई: मग मी येते. गळ धरणार नाही, ते माझ्यानं होणार नाही, आणि मुलांना मी तसं सांगेनही.

काका: सांग. नजर ठेवायला मला असंच माणूस हवंय, ज्याचा जीव गळात अडकलेला नाही.

या दोघांचं सगळं पटलेलं नाही. ताईला मासा मारणं अजूनही नको आहे आणि काकांना ते शिकवण्यासारखं वाटतं. मला स्वतःला काकांचं म्हणणं अधिक पटतं. पाण्याकाठच्या राज्यात मुलांनी पाणी न वाचता मोठं व्हावं, मासा खाऊन मासेमाराला ओळखू नये, ही मला मोठी उणीव वाटते. पण काका एकटे असते तर मी माझं मूल त्यांच्याबरोबर पाठवलं नसतं, आणि ताई एकटीच असती तर हे शिबिर निघालंच नसतं. पाण्याचं ज्ञान असलेला माणूस आपल्या सवयीवर विसंबतो. त्याच्या शेजारी पाण्याचा मोह नसलेलं आणि त्याला थांबवण्याचा अधिकार असलेलं दुसरं माणूस लागतं.

२०२१ पासून राज्यात साहसी पर्यटनाचं धोरण आहे, आयोजकांनी नोंदणी करावी असं त्यात आहे. नोंदणी जरूर बघावी. पण कागदावर न दिसणारे काही प्रश्न पालकांनी स्वतः विचारावेत. त्या दिवशी भरती किती वाजता आहे? मुलांकडे नुसतं बघण्यासाठी कोण असणार आहे? गावच्या मच्छीमारांना विचारलंय का? माझ्या मुलानं नको म्हटलं तर त्याला काय काम देणार? आणि पाणी बिघडलं तर सगळं गुंडाळायचा निर्णय कुणाचा? या पाच प्रश्नांची उत्तरं ज्याला न अडखळता देता येतील, त्याच्या हवाली मूल खुशाल करावं. ज्याला देता येणार नाहीत, त्याला तयारी पुरी करून पुढच्या सुट्टीत यायला सांगावं. खाडी तेव्हाही तिथेच असेल.